ओस्लोचा महापौर नेमका कोण?

प्रश्न असा आहे: रेमंड योहानसेन यांच्या कारकिर्दीवर मराठीत लिहिताना 'ओस्लोचे माजी महापौर' म्हटलं तर चालेल का? मूळ नॉर्वेजियन मजकुरात त्यांचं पद 'बीरोड्सलेडर' असं दिलंय.

नाही चालणार. २०१५ ते २०२३ या काळात ओस्लोच्या महापौर मारियाने बोर्गेन होत्या आणि त्यांच्या पदाचं नाव 'ऊर्फ्योरेर'. योहानसेन त्याच आठ वर्षांत शहराचं सरकार चालवत होते. माणसं दोन, पक्ष दोन, खुर्च्याही दोन.

'ऊर्फ्योरेर' हा फार देखणा शब्द आहे. 'ऊर' म्हणजे शब्द (लिहिताना शेवटी 'ड' असतो, पण तो उच्चारत नाहीत) आणि 'फ्योरेर' म्हणजे नेणारा, चालवणारा. सभेतलं बोलणं चालवणारा तो ऊर्फ्योरेर. सभागृहात सदस्य बोलायला उठला की पहिल्यांदा 'ऊर्फ्योरेर!' अशी साद घालतो आणि मग मुद्द्यावर येतो. आपला 'महापौर' शब्द 'पौर'वरून, म्हणजे नगरात राहणाऱ्या नागरिकावरून आला. तिकडे मान शब्दाला, इकडे नागरिकाला. पण ओस्लोपुरतं काम बरंचसं सारखं: सभेचं अध्यक्षपद आणि शहराच्या वतीनं मिरवायचा मान. म्हणून बोर्गेन यांना महापौर म्हणायला माझी हरकत नाही.

'बीरोड' मात्र आपल्याकडे नाही. १९८६ पासून ओस्लोत संसदीय पद्धत आहे. ५९ जणांच्या नगरसभेचा पाठिंबा असेपर्यंत टिकणारं छोटं मंत्रिमंडळ म्हणजे बीरोड, आणि त्याचा प्रमुख बीरोड्सलेडर. आपल्या महापालिकेत प्रशासन आयुक्तांच्या हाती असतं, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं; त्यामुळे या पदाला तयार मराठी शब्द सापडत नाही.

फरक किती खरा आहे, हे जून २०२१ मध्ये दिसलं. लान मारी बॅर्ग या बीरोडमधल्या खातेप्रमुखांवर नगरसभेनं अविश्वास ठराव मंजूर केला, तेव्हा योहानसेन यांनी अख्ख्या बीरोडचा राजीनामा दिला. विरोधकांना पर्यायी सरकार जमवता आलं नाही आणि काही दिवसांत ते पुन्हा त्याच पदावर आले. या सगळ्या धामधुमीत ऊर्फ्योरेरच्या खुर्चीला धक्कासुद्धा लागला नाही. तुमच्या लेखात हा प्रसंग येणारच. तिथे 'महापौरांनी राजीनामा दिला' असं छापलं गेलं, तर ते धडधडीत चूक ठरेल.

मी 'नगर-सरकारचे प्रमुख' असं लिहीन. जरा लांबतं, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं. योहानसेन मूळचे प्लंबर, पुढे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या नॉर्वेजियन संस्थेचे सरचिटणीस, मग परराष्ट्र खात्यात राज्यसचिव आणि मजूर पक्षाचे पक्षसचिव. अशा माणसाचं पद नुसतं मानाचं वाटू देऊ नका.

आणखी एक. प्रत्येक ऊर्फ्योरेरला महापौर करू नका. ऊत्सिरा या जेमतेम दोनशे वस्तीच्या बेटालाही ऊर्फ्योरेर असतो. १९२६ मध्ये तिथल्या सुईण ओसा हेल्गेसेन नॉर्वेतल्या पहिल्या महिला ऊर्फ्योरेर झाल्या. त्यांना मराठीत मी 'सरपंच'च म्हणेन.