चरित्रात्मक ऐतिहासिक कादंबरीत कल्पनेला किती वाव द्यावा?
माझ्या मते, कागदपत्रे जेथे बोलतात तेथे लेखकाने त्यांचे ऐकावे आणि ती जेथे गप्प होतात तेथेच कल्पनेने पाऊल टाकावे. त्यासाठी आधी त्या व्यक्तीच्या आयुष्याची तारीखवार नोंदवही करावी आणि प्रत्येक नोंद समकालीन पत्रातून आली की अनेक वर्षांनी लिहिलेल्या आठवणींतून, हे तिच्यापुढे आवर्जून लिहावे. कारण आठवणी लिहिणाऱ्याला पुढे काय घडले हे ठाऊक असते, पत्र लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि कादंबरीतील पात्रानेही त्याच अज्ञानात जगले पाहिजे. मला तरी हेच सर्वांत कठीण वाटते. तारखांबाबत विशेष सावध राहावे: आज आपण वापरतो ती ग्रेगरियन दिनदर्शिका १५८२ मध्ये आली, पण ब्रिटनने ती १७५२ मध्ये आणि रशियाने १९१८ मध्ये स्वीकारली, त्यामुळे एकाच दिवशी दोन देशांत लिहिलेल्या पत्रांवरील तारखांत १० ते १३ दिवसांचा फरक आढळू शकतो. संवाद रचण्यास हरकत नाही. मात्र त्या काळी नसलेली कल्पना पात्राच्या तोंडी घालू नये. ज्ञात घटनांचा क्रम बदलावाच लागला, तर तो बदल लेखकाच्या मनोगतात स्पष्टपणे नोंदवावा.