वाचकांचे प्रश्न : अनेरिन आणि कात्राएथचे तीनशे

प्रश्न (निपाणी) : अनेरिनला वेल्श कवी म्हणतात. पण त्याच्या ‘अ गोदोदिन’मधले वीर एडिनबरोचे आणि लढाई यॉर्कशरातली. मग काव्य वेल्सचं कसं?

उत्तर : भाषेमुळे. ‘अ गोदोदिन’ हे कात्राएथच्या लढाईत पडलेल्या वीरांचं शोककाव्य. इ. स. 600च्या सुमारास आजच्या दक्षिण स्कॉटलंडपासून वेल्सपर्यंत एकाच ब्रिटॉनिक भाषेच्या, म्हणजे वेल्शच्या पूर्वज भाषेच्या, बोली चालत. गोदोदिन हे उत्तरेकडच्या लोकांचं नाव आणि दिन एइदिन, म्हणजे एडिनबरो, हा त्यांचा गड. लढाईची जागा कात्राएथ, म्हणजे यॉर्कशरातलं कॅटरिक, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 638च्या सुमारास दिन एइदिनचा गड इंग्रजांच्या पूर्वजांपैकी अँगल लोकांकडे गेला असं मानलं जातं. पुढे त्या मुलखातून ती भाषाही नाहीशी झाली. काव्य टिकलं ते भाषा टिकली तिथे, वेल्समध्ये. राज्याची हद्द आणि भाषेची हद्द एक नसते, हे सीमाभागात वेगळं सांगायला नको.

मात्र सगळी कडवी 600ची समजू नका. हस्तलिखित 13व्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे आणि त्यात दोन लेखनिकांचे हात दिसतात. पहिल्याची 88 कडवी, दुसऱ्याची 42. काही कडवी दोघांकडे वेगवेगळ्या रूपांत येतात. दुसऱ्याचं लेखन जुन्या वळणाचं आहे, म्हणजे त्याच्यासमोर अधिक जुनी प्रत होती. मध्येच पश्चिम स्कॉटलंडचा राजा डोम्नाल ब्रेक याच्या 642मधल्या मृत्यूवरचं, म्हणजे उघडच नंतरचं, कडवं येतं. एक अंगाईही आहे : दिनोगादचा ठिपक्यांचा अंगरखा, शिकारीला जाणारा बाप, गिफ आणि गाफ ही कुत्री. कुणीतरी समासात लिहिलेलं नकलताना मजकुरात शिरलं असावं. पण किती गोड भर!

प्रश्न (खानापूर) : वेल्श येत नाही. मूळ ओळींचा नाद तरी कानाला कसा कळेल?

उत्तर : या दोन ओळी मोठ्याने म्हणा. उच्चार दक्षिण वेल्सच्या आजच्या पद्धतीचा :

ग्वीर आ आएथ गात्राएथ, ओएद फ्राएथ एइ ल्ही,
ग्लासवेद एइ हान्कुइन, आ ग्वेनुइन वी.

अर्थ : कात्राएथला गेले ते वीर, तडफदार त्यांचा जथा, ताजं मधमद्य त्यांचं खाणं, आणि तेच विष ठरलं.

‘थ’ आणि ‘ओएद’, ‘वेद’मधला ‘द’ जीभ दातांमध्ये किंचित आणून घासत काढायचे. ‘ल्ही’ म्हणताना ‘कोल्हा’तला ल्ह आला तर चुकलं, कारण त्यात घोष आहे. जीभ ‘ल’च्या जागी टेकवा, आवाज न करता बाजूने नुसती हवा सोडा. कात्राएथचं ‘गात्राएथ’ झालंय ती छपाईची चूक नाही. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं व्यंजन असं बदलतं. मधमद्याला ‘मेद’ म्हणतात, ‘ग्लासवेद’ या जोडशब्दात त्याचं ‘वेद’ झालं तेही त्यामुळेच.

आता यमकं मोजा. आएथ, गात्राएथ, फ्राएथ हा एक धागा. हान्कुइन, ग्वेनुइन दुसरा. ल्ही आणि वी ओळींच्या टोकांना. आज आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, त्यामुळे ‘गात्राएथ’चं यमक हलकं वाटतं. जुन्या वेल्शमध्ये तो शेवटच्या अक्षरावर होता. तसा जोर द्या, ओळ लगेच ठोके घेऊ लागते. त्याच कडव्यात पुढे ‘आ ग्वेदी एलुख तावेलुख वी’ अशी ओळ आहे : जल्लोषानंतर शांतता झाली. ‘तावेलुख’ म्हणजे शांतता, आणि तिच्या पोटातच ‘एलुख’, जल्लोष, ऐकू येतो. भाषांतरात हे हरवतंच.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : त्यात आर्थर राजा आहे ना?

उत्तर : नाव आहे. ग्वाउर्दूर नावाच्या वीराने तटावर डोमकावळ्यांना मेजवानी दिली, ‘जरी तो आर्थर नव्हता’. हे फक्त दुसऱ्या लेखनिकाच्या मजकुरात आहे. त्यावर आर्थरचा इतिहास उभारू नका.

प्रश्न (चिकोडी) : पोवाड्यासारखं वाचायला घेतलं, पण कथाच हाती लागेना.

उत्तर : पोवाडा प्रसंग क्रमाने सांगतो, इथे क्रम नाही. आपल्याकडे देवळासमोर ओळीने वीरगळ उभे असतात तसं हे काव्य आहे : बहुतेक कडवी एकेका वीराची. आधी नाव शोधा, मग तो कसा लढला ते, मग मद्याचा उल्लेख. एके ठिकाणी वीर 300 आणि वाचलेला एक. दुसरीकडे 363 आणि वाचलेले तीन. हा मेळ घालत बसू नका.

मद्याचा धागा मात्र सोडू नका. काव्यातला त्यांचा राजा मिनिदोग याने त्यांना लढाईआधी वर्षभर मेजवानी दिली, आणि ‘मद्याची किंमत चुकवली’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. मराठीत याला खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात. भाषांतर करताना ‘दारूच्या नशेत मेले’ असं लिहिलंत, तर सगळं काव्य उलटं होईल.