भिंतींचा डेक घेऊन कमांडर स्पर्धेला जाताना

चार जणांच्या टेबलावर मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातल्या भिंती (एरवी हल्ला न करता बचाव करणारी ‘डिफेंडर’ कार्डं) घेऊन बसायचं, तर आर्केड्स, द स्ट्रॅटेजिस्ट हाच कमांडर (डेकचं मुख्य कार्ड) ठेव. त्याच्यामुळे डिफेंडर हल्ला करतात, टफनेसइतकं (सहनशक्तीच्या आकड्याइतकं) डॅमेज देतात आणि प्रत्येक डिफेंडर उतरला की एक कार्ड हातात येतं. ९९ कार्डांत ३५-३६ लँड (माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा, देणारी कार्डं) आणि किमान २८ भिंती घाल, त्याही बहुतेक दोन मानाच्या.

घोळ होतो तो क्रमात. दुसऱ्या टर्नला ओव्हरग्रोन बॅटलमेंटसारखी माना देणारी एकच भिंत टाक, बाकीच्या हातात ठेव. आर्केड्सच्या आधी उतरलेली प्रत्येक भिंत म्हणजे एक कार्ड गेलंच!

दुसरा धोका मोठा. आर्केड्स मेला की भिंती नुसत्या उभ्या राहतात, आणि तो चार मानाचा कमांडर पुढच्या वेळी सहा, मग आठ मागतो. म्हणून त्याच्याशिवायही भिंतींना हल्ला करू देणारी हाय अलर्ट, असॉल्ट फॉर्मेशन ही कार्डं आणि त्याला वाचवणारं लाइटनिंग ग्रीव्ह्ज हवंच. सगळं टेबल साफ करणारं कार्ड कोणीतरी टाकणारच, तेव्हा दोन-तीन भिंती कायम राखून ठेव.

पहिला हात वाईट आला तर बदल. मल्टिप्लेअरमध्ये पहिला मलिगन (हात बदलणं) फुकट असतो.

पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फॉइल कार्डं वाकतात. वाकलेलं कार्ड गड्डीत ओळखू येतं आणि जज ते खुणेचं धरू शकतो. शक्यतो साधी कार्डं वापर, दुहेरी स्लीव्ह (कार्डाचं प्लास्टिकचं कव्हर) घाल आणि त्याच रंगाच्या दहा जास्तीच्या स्लीव्ह जवळ ठेव.