वाळलेल्या टॉवेलला पुन्हा वास का येतो

टॉवेल वाळला की वास जातो आणि अंग पुसायला घेतला की परत येतो, म्हणजे जंतू धाग्यातच बसलेत. या कुबट वासामागे बऱ्याचदा मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असतो. तो वाळवणीतही तग धरतो आणि ओल मिळाली की अंगाच्या तेलकटपणावर वाढून वास सोडतो. त्यावर सुगंधी कंडिशनर ओतू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो, टॉवेल पाणीही टिपत नाही.

आपल्या खान्देशात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात साबणाची वडी घासली की चिकट साका धरतो, मळ त्यातच अडकतो. म्हणून टॉवेलांना पावडरच वापरा. आधी १० लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) विरघळवा. पाणी ६० अंश हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं कढत. कपडे काठीनेच हलवा. सुती टॉवेल अर्धा तास भिजवून नेहमीसारखे धुवा, दोनदा खळबळा. लोकर-रेशमाला हे अजिबात करू नका.

मशीन पुढून उघडणारं असेल तर दाराच्या रबराची घडी बोटाने उलटून बघा. काळपट बुळबुळीत थर लागला, तर धुतलेले कपडे तिथेच पुन्हा बिघडतायत. तो पुसा, महिन्यातून एकदा मशीन रिकामं ६० अंशांवर चालवा, दार उघडं ठेवा.

मे महिन्यात भुसावळच्या उन्हात काळजी नाही. श्रावणात मात्र दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून पंख्याखालीच वाळवा.