पहिले शंभर श्रोते

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तिन्ही गाणी ऐकली. शब्द तुझे आहेत, चालही तुझीच वाटते, म्हणून गाण्यांविषयी आज काही लिहीत नाही. तुझा प्रश्न वेगळा होता: ती लोकांपर्यंत न्यायची कशी. दहा हजार व्ह्यूज कसे होतील, असे तू विचारलेस. तो आकडा काही महिने बाजूला ठेव. ज्यांचे नाव, गाव आणि फोन नंबर तुझ्याकडे आहे आणि तू बोलावलेस तर सत्तरीहून फोंड्याला गाडी काढून येतील, अशी शंभर माणसे आधी जमव. यूट्यूबने उद्या नियम बदलले किंवा इन्स्टाग्रामचे खाते बंद पडले तरी ही माणसे तुझ्याकडेच राहतात. पुढचे सगळे याच हिशेबाने लिहिले आहे.

ही माणसे कुठे भेटतील? कळंगुट-हणजुणेच्या शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळींत, भेटणार नाहीत. तिथे तीन तास हिंदी-इंग्रजी गाणी गायची, मानधन घ्यायचे आणि घरी यायचे. पैशांसाठी ते जरूर कर, त्यात कमीपणा काही नाही. पण समोरचा पाहुणा रविवारच्या विमानाने परत जातो आणि त्याला तुझे मराठी गाणे नकोच असते. तुझा श्रोता गोव्याच्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूला आहे. तो जत्रेतल्या नाटकाला रात्रभर बसतो, श्रावणात भजनाला जातो, गावच्या वाचनालयाच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असतो. सीमेपलीकडे सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग आणि तिकडे बेळगावही त्याच्यासारख्याच माणसांनी भरलेले आहे. आणि एक ध्यानात ठेव, हा श्रोता कानाचा तयार आहे. ज्या मुलखातल्या केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या थोर गायिका, तिथे रेकॉर्डिंगमध्ये यंत्राने सरळ केलेला सूर बैठकीत पहिल्या दोन ओळींतच उघडा पडतो.

सुरुवात मोठ्या सभागृहापासून करू नकोस. कला अकादमी किंवा रवींद्र भवन भाड्याने घेऊन अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे गाणे म्हणजे पैसेही जातात आणि हुरूपही. चाळीस-पन्नास माणसांची बैठक धर: वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग, कोणाच्या जुन्या घराचे राजांगण, देवळाचा सभामंडप. साठ मिनिटे आणि नऊ गाणी पुरेत. त्यातली सहा तुझी आणि तीन सगळ्यांच्या ओळखीची. ओळखीची गाणी तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या जागी घाल, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान मधेमधे विसावतो. शेवटचे गाणे मात्र तुझेच हवे, कारण माणसे घरी जाताना तेच गुणगुणतात. गाण्याआधी दोन वाक्यांहून जास्त बोलू नकोस. निवेदन लांबले की लोक घड्याळ बघतात. तुझ्या दोन गाण्यांचे शब्द अर्ध्या पानावर छापून वाट आणि ध्रुवपद त्यांच्याकडून म्हणवून घे. कागद घरी जातो आणि फ्रिजवर लागतो.

आवाजाच्या व्यवस्थेत हमखास घोळ होतो. साउंडवाल्याला दोन दिवस आधी यादी पाठव: गळ्याला एक माइक, पेटीला एक, तबल्याला दोन, गिटार असेल तर डीआय बॉक्स (गिटार थेट साउंडला जोडायची डबी), समोर दोन स्पीकर आणि तुझ्यासाठी एक मॉनिटर, म्हणजे तुझा आवाज तुला ऐकवणारा स्पीकर. ‘चार-पाच माइक आणा’ असे मोघम सांगितले की नेमके स्टँड कमी पडतात. सभामंडपात दगड आणि लादी असल्याने आवाज आधीच घुमतो. तिथे रिव्हर्ब (यंत्राने घातलेला घुमारा) बंद ठेवायला लाव, स्पीकर लोकांच्या जवळ आणून थोडे आत वळव आणि आवाज कमी ठेव. शब्द कळले नाहीत तर गीतकार म्हणून तू तिथे नव्हतीसच. कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच आख. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे आणि परवानगीचा कागद लेखी लागतो. ‘सरपंच आपलाच आहे’ हा परवाना नव्हे.

आता मुख्य काम. दाराशी एक वही आणि एक माणूस ठेव. नाव, गाव, व्हॉट्सॲप नंबर, आवडलेले गाणे, एवढे चार रकाने. क्यूआर कोडचा फलक लाव, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. आतल्या गावात नेटवर्क जाते आणि साठीची माणसे स्कॅन करत बसत नाहीत. नंबर का घेतेस ते सरळ सांग: ‘महिन्यातून एकदा नवीन गाण्याची किंवा कार्यक्रमाची खबर पाठवीन.’ आणि तिथल्या तिथे तुझा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घे. हे विसरलीस तर सगळी वही फुकट, कारण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरचा निरोप ज्याने तुझा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. एका लिस्टमध्ये २५६ माणसे मावतात. तालुक्याप्रमाणे लिस्टा वेगळ्या कर, म्हणजे डिचोलीतल्या बैठकीचा निरोप काणकोणला जाणार नाही. ग्रुप मात्र काढू नकोस. चौथ्या दिवशी तिथे सुप्रभात आणि राजकारण सुरू होते आणि बरी माणसे गुपचूप बाहेर पडतात.

निरोपात गाण्याची फाइल कधीच पाठवू नकोस, लिंक पाठव. फाइल गावोगाव फिरते, पण तिची मोजणी कुठेच होत नाही आणि तिसऱ्या फॉरवर्डला तुझे नावही उरत नाही. लोक तरीही डाउनलोड करून पाठवणारच. म्हणून व्हिडिओच्या तळाशी तुझे नाव आणि चॅनलचे नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारीक अक्षरांत राहू दे.

ऑनलाइन प्रकाशनाला सहा आठवडे धर आणि ते प्रकाशनाच्या दिवसापासून उलटे मोज. सहाव्या आठवड्याआधी मिक्स (सगळे आवाज जुळवणे) आणि मास्टर (शेवटचा हात फिरवणे) पक्के हवे, फाइल २४ बिट डब्ल्यूएव्ही. मास्टर करणाऱ्याला फार जोरात कर म्हणून सांगू नकोस. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचे एकक) आसपास आणते, त्यामुळे चेपून मोठा केलेला आवाज तिथे खाली येतो आणि तबल्याची थाप मात्र मेलेली राहते. पाचव्या आठवड्यात गाणे डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ते स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे, चढव. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचे चौकोनी हवे आणि त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाग्रामचा पत्ता नको. अशी चित्रे परत येतात आणि आठवडा जातो. डिस्ट्रिब्युटर निवडताना एकच प्रश्न विचार: वार्षिक फी भरायची थांबले तर गाणी राहतात की उतरतात? स्वस्त योजनांत ती पुष्कळदा उतरतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेव. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललास आणि जुनाच क्रमांक दिलास, तर आधीची मोजणी सहसा सोबत येते. नवा घेतलास तर शून्यापासून सुरुवात.

चौथ्या आठवड्यात ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या खात्यातून गाणे स्पॉटिफायच्या याद्या करणाऱ्या संपादकांकडे सुचव. गाणे प्रकाशित झाल्यावर हे करता येत नाही. किमान सात दिवस आधी केलेस तर तुझ्या फॉलोअरांच्या ‘रिलीज रडार’मध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत, ते जाते. मराठी गाण्याला संपादकीय यादीत जागा मिळेलच असे नाही, पण या सात दिवसांसाठी तरी तो फॉर्म भर. तुझ्या नावाची दुसरी गायिका असेल तर गाणे तिच्या पानावर जाऊन बसते. हे इतके सर्रास घडते, की प्रकाशनाच्या सकाळी पहिले काम तेच तपासायचे. रोमन लिपीतले नावाचे स्पेलिंग एकदा ठरव आणि आयुष्यभर बदलू नकोस. यूट्यूबच्या शीर्षकात मात्र देवनागरी आणि रोमन दोन्ही घाल, कारण मराठी गाणे शोधणारे अर्धेअधिक लोक रोमनमध्ये टंकतात. कोकणी गाणी केलीस तर त्यांच्यासाठी वेगळे चॅनल काढू नकोस. दोन्ही भाषा ऐकणारा माणूस एकच आहे. भांडणारे वेगळे.

गाण्याच्या बांधणीबद्दल एकच सांगतो. स्पॉटिफाय ३० सेकंद ऐकले तरच एक स्ट्रीम (एकदा ऐकल्याची नोंद) मोजते आणि तुझ्या दुसऱ्या गाण्यात बासरीच ४२ सेकंद चालते. ध्वनिमुद्रणात दहा-पंधरा सेकंदांत गळा येऊ दे आणि बासरी बैठकीत मनसोक्त वाजव. अंतरा मात्र कापू नकोस. रील छोटे आहे म्हणून कविता छोटी करणे मला मान्य नाही.

एका गाण्यातून पाच-सहा गोष्टी काढ: मूळ व्हिडिओ, एका दमात गायलेली साधी आवृत्ती, शब्दांचा व्हिडिओ आणि रील-शॉर्ट्ससाठी तीन उभे तुकडे. ध्रुवपदाचा तुकडा प्रकाशनाच्या दहा दिवस आधी, उरलेले दोन नंतरच्या तीन आठवड्यांत. बहुतेकजण आधी दवंडी पिटतात आणि गाणे आले की गप्प बसतात. खरे काम तेव्हाच सुरू होते. वर्षाला पाच गाणी अशी नीट पोचवलीस तर पुष्कळ झाले.

पैशांच्या आशा बेतात ठेव. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहणे लागते. शॉर्ट्सचे पाहणे त्या तासांत धरत नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा आहे. स्पॉटिफाय २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला काहीच देत नाही. आता ‘इतक्या रुपयांत पन्नास हजार स्ट्रीम’ असे निरोप तुला येतील. ते यंत्राने वाजवलेले असतात. पकडले की गाणे उतरते, डिस्ट्रिब्युटर दंड लावतो आणि खाते बंद होते ते तुझे. निरोप पाठवणारा नवा नंबर घेतो. जाहिरात करायचीच तर गाण्यावर जेवढा खर्च झाला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. आधी दिवसाला शंभर-दोनशे रुपये, पाच दिवस, फक्त गोवा, सिंधुदुर्ग आणि बेळगाव, आणि ज्या तुकड्याला आपोआप बरा प्रतिसाद मिळाला त्याच्यावरच. सगळा भारत निवडलास तर स्वस्तात आकडा फुगेल आणि बैठकीला कोणी येणार नाही.

हक्कांचा कागद गाणे प्रकाशित होण्याआधीच कर. कवी कोण, चाल कोणाची, वाद्यसंयोजन कोणाचे, तबलजीला एकरकमी दिले की टक्केवारी, हे एका पानावर लिही आणि सगळ्यांच्या सह्या घे. मित्र आहेत म्हणून टाळू नकोस. गाणे चालले की मैत्रीतच जास्त फाटते. शब्द आणि चाल तुझी असल्याने तू आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद होऊ शकतेस. कोणी कंपनी ‘सगळे हक्क आमचे’ असा करार घेऊन आली तर २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा राखून ठेवला आहे, हे त्यांना सांग आणि सहीआधी वकिलाला दाखव. अभंग गायचा बेत आहे म्हणतेस. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण गेल्या शतकातल्या संगीतकाराची चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांची किंवा हक्क घेतलेल्या कंपनीची असते. चाल स्वतः बांध. इंटरनेटवरचे तयार लूप (पुन्हापुन्हा वाजणारे वाद्यांचे तुकडे) वापरलेस तर तोच लूप इतर शेकडो गाण्यांतही असतो. अशा गाण्याला यूट्यूबचे कंटेंट आयडी (आपले गाणे दुसऱ्याच्या व्हिडिओत सापडले की दावा लावणारी यंत्रणा) लावू नकोस, नाहीतर तू त्यांच्यावर आणि ते तुझ्यावर दावे लावत बसाल.

वर्तमानपत्राला बातमी पाठवताना दीडशे शब्द, युनिकोड मराठीत, निरोपातच टंकलेले. पीडीएफ किंवा फलकाचे चित्र पाठवलेस तर ते कोणी पुन्हा टंकत बसत नाही. सोबत एक आडवा फोटो, वेळ, स्थळ आणि प्रवेशाची अट. कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी. आकाशवाणीच्या पणजी केंद्राकडे सुगम संगीताच्या ऑडिशनसाठी अर्ज कर. पहिलीच ‘बी’ श्रेणी मिळाली तरी गावच्या मंडळाच्या अध्यक्षापुढे ती तुझ्या फॉलोअरांच्या आकड्याहून जास्त बोलते.

तुझा,
काका

ता. क. चवथीचे गाणे करायचे आहे असे शेवटी लिहिले आहेस. चवथीच्या आठवड्यात आणलेस तर उपयोग नाही, तोवर सगळ्यांची बसवाबसव झालेली असते. श्रावणाच्या आरंभी फुगडीच्या आणि घुमट आरतीच्या पथकांच्या हातात ते पडले पाहिजे. नुसती लिंक देऊ नकोस: शब्दांचा कागद, पट्टी, लय, आणि गायिकेचा आवाज वगळलेला ट्रॅक असे चारही एकत्र दे. पट्टी तुझ्या सोयीची ठेवू नकोस. बायकांच्या घोळक्याला उभ्याने, फेर धरून म्हणता येईल इतकी खाली घे. आणि दरेक पथकाच्या प्रमुखाचा नंबर वहीत.