अँजिओग्राफी नॉर्मल आली, तरी आईच्या छातीत दुखतं. याचा बीपीशी काय संबंध?

तुम्ही लिहिलंय की आईला १२ वर्षांपासून बीपी आहे, जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, पण अँजिओग्राफीत ब्लॉक निघाला नाही. मग दुखतं कशामुळे? मी डॉक्टर नाही. १४ वर्षं कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी होते तिथे, टेक्निशियन आहे आणि हाच प्रश्न टेबलावर झोपलेल्या पेशंटकडून कितीदा तरी ऐकलाय.

आम्ही मनगटातून नळी घालतो, कोरोनरीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत, डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडतो आणि स्क्रीनवर झाडाच्या फांद्यांसारखं काळं चित्र उमटतं. पण साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक धमन्या त्यात दिसतच नाहीत. हृदयाच्या स्नायूला किती रक्त द्यायचं, हे मुख्यतः त्या न दिसणाऱ्या धमन्याच ठरवतात. जुनं बीपी असलं की कधीकधी चित्रावरूनच शंका येते: मोठ्या धमन्या नागमोडी झालेल्या असतात आणि डाय टोकाशी पोहोचायला नेहमीपेक्षा दोन-तीन ठोके जास्त लागतात. ब्लॉक नसतो, तरी रक्त रेंगाळतं.

बिघाड सुरू होतो तो आतल्या अस्तरात. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. रक्ताचा वेग वाढला की तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो, भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि वाट रुंद होते. अस्तराचं हे काम १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं. अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीन हे औषध टाकल्यावर पट्टी सैल व्हायची. अस्तर घासून काढलं की तीच पट्टी त्याच औषधाने आवळायची. सैल करणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड आहे हे नंतर कळलं, आणि १९९८ साली त्यांच्यासह तिघांना नोबेल मिळालं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण बीपीच्या पेशंटच्या हृदयात वर्षानुवर्षं असंच काहीसं घडत असतं. दाबाचा मारा सोसून अस्तर थकतं, नायट्रिक ऑक्साइड पुरेसं राहत नाही, बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते.

मग घरात बसल्यावर काही होत नाही आणि जिन्यावरच का दुखतं? हृदय स्वस्थ असतानाही रक्तातला जवळजवळ ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतं. म्हणजे काम वाढलं की त्याच रक्तातून जास्त ओढायला फारसं उरत नाही, रक्तच जास्त यावं लागतं. निरोगी हृदयात ते चार-पाच पटीने वाढू शकतं. बीपीत ही राखीव ताकद घटते.

त्यात दाबाविरुद्ध पंप करून डावा कप्पा जाड होतो. स्नायू वाढतो, पण केशवाहिन्या त्या मानाने वाढत नाहीत. शिवाय डाव्या कप्प्याला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळतं. धावपळीत ठोके वाढले की ती विश्रांतीच आखडते, आणि हृदयाच्या स्नायूच्या सगळ्यात आतल्या थराची उपासमार होते.

आईचा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काढून बघा. त्यात डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी लिहिलेली असते. बायकांमध्ये साधारण ९ मिमीपर्यंत नॉर्मल धरतात. जास्त असेल किंवा 'एलव्हीएच' (डावा कप्पा जाड झालाय) असं लिहिलं असेल, तर डॉक्टरांना त्याबद्दल मुद्दाम विचारा. बीपी नीट आटोक्यात राहिलं तर ही जाडी काही महिन्यांत कमी होऊ शकते, विशेषतः रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातल्या गोळ्यांनी. कुठली गोळी, किती, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

एक कळकळीने सांगतो. 'नॉर्मल' हा शब्द ऐकला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि गोळ्या सुटतात. एक काकू अशाच हसत घरी गेल्या होत्या, तीन महिन्यांनी धाप लागून स्ट्रेचरवरून परत आल्या. गोळ्या घरीच डब्यात पडून होत्या. तुमच्या आईच्या गोळ्या कृपा करून स्वतःहून बंद करू नका. आणि कधी बसल्या जागी छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे सरकलं, तर रिपोर्ट आठवत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा.