पुढच्या वेळची भीती

प्रिय मित्रा,

'एक-दोनदा जमलं नाही, आता मी पुरुष म्हणून संपलो,' असं तू लिहिलं आहेस. जमलं नाही याची मला तितकी काळजी नाही, पण 'संपलो' याची आहे. जागरण, दारू, कामाचा ताण किंवा नुसतं नवखेपण, यांमुळे ताठरता न येणं कुणाच्याही वाट्याला येतं. खरा त्रास सुरू होतो तो पुढच्या वेळी.

तुझी जोडीदार जवळ असते, पण तुझं लक्ष तिच्याकडे नसतंच. 'येतेय का? टिकेल का? तिला कळलं असेल का?' असा स्वतःवरच पहारा चालू असतो. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने १९७० सालीच हे मांडलं होतं की असा माणूस शय्येवर स्वतःचाच प्रेक्षक होऊन बसतो. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक वाढतं आणि लिंगातले स्नायू व रक्तवाहिन्या आकसतात. ताठरतेसाठी त्या सैल व्हाव्या लागतात, तरच रक्त आत भरतं. म्हणून जोर लावून काही होत नाही. 'हे सगळे मनाचे खेळ' म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. मनातली भीती रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते.

पहाटे जाग येताना ताठरता असते का, ते आठवून बघ. असेल, तर कारण बहुधा मानसिक आहे.

मग टाळाटाळ सुरू होते. ती झोपेपर्यंत मोबाइल घेऊन बाहेरच बसायचं, तिने हात खांद्यावर ठेवला की कूस बदलायची. तुला वाटतं, लाज झाकली. तिला वाटतं, आपण नकोशा झालो. दोघंही गप्प, आणि त्या गप्प राहण्यातून उदासी वाढते. उदासीने इच्छा आणखी मंदावते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. तू घेत असशील तर परस्पर बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग.

तिच्याशी बोल, पण अपयशानंतर लगेच अंधारात नको. दिवसा, निवांत असताना बोल. काही आठवडे संभोग करायचाच नाही, फक्त स्पर्श, असं दोघांनी ठरवा. मध्येच ताठरता आली तरी 'बघू, जमतंय का' म्हणून घाई करायची नाही. पास-नापासाचा प्रश्नच उरला नाही की पहारा आपोआप ढिला पडतो. एकट्याने जमत नसेल तर लैंगिक समस्यांवर काम करणारा समुपदेशक दोघांना मिळून मदत करतो.

तरीही डॉक्टरांना भेटच. साखर, रक्तदाब तपासून घे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधीकधी आधी इथे दिसतो. मित्राने दिलेली सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी मात्र घेऊ नकोस. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट प्रकारचं औषध घेणाऱ्याचा रक्तदाब तिने धोकादायक खाली जातो, आणि इतरांनीही ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी. गोळी रक्तप्रवाहाला मदत करते. तुमच्यातला अबोला ती मोडत नाही.

तिच्याशी बोलणं झालं की कळव.

तुझा,
सर